सीताफळाचा थंड मुलखातला भाऊबंद : पॉपॉ



भाद्रपद सरत आला की आपल्या डोंगरउतारांवरची सीताफळे डोळे उघडू लागतात. पोरेबाळे पाट्या घेऊन रानात जातात आणि घरोघरी अढी लागते. नेमक्या याच दिवसांत अमेरिकेतील ओहायो, मिसूरी, पोटोमॅक अशा नद्यांच्या काठची माणसेही पिशव्या घेऊन रानात शिरतात. ती ज्या फळासाठी जातात, त्याचे नाव पॉपॉ. हे झाड आपल्या सीताफळ-रामफळाच्याच कुळातले आहे. मात्र ते वाढते जेथे हिवाळ्यात पाणी गोठते आणि जमिनीवर बर्फ साचते अशा मुलखात.

हे झाड आपल्याकडे लावा, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. आपल्या हवेत ते नीट येणार नाही. त्याचे कारण पुढे दिले आहे. पण या झाडाच्या गेल्या शंभर वर्षांच्या हकीकतीत आपल्या डोंगरातल्या सीताफळासाठी एक मोलाचा धडा आहे. तो नीट समजावा म्हणून आधी ते झाड आणि त्याचे रान यांची ओळख करून घेऊ.

कूळ एक, मुलूख वेगळा

सीताफळाचे कूळ मोठे आहे. रामफळ त्यातलेच. संध्याकाळी पिकल्या फळासारखा घमघमणारा हिरवा चाफा त्यातलाच. शाळा-कचेऱ्यांपुढे ओळीने लावतात तो उंच, सरळसोट हिरवा अशोकही याच कुळातला. या कुळात दोन हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या उष्ण प्रदेशांत राहतात. पॉपॉ आणि त्याची मोजकी भावंडे तेवढी उत्तर अमेरिकेत राहिली. त्यांतही कडाक्याच्या थंडीत खूप उत्तरेपर्यंत पोचलेले झाड हे एकच.

आपले सीताफळ तरी मूळचे इथले कोठे आहे? ते मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीजकडचे. पोर्तुगीजांच्या काळात ते हिंदुस्थानात आले असे मानले जाते. इथल्या मुरमाड माळावर ते असे काही रुजले की आज कोणी त्याला परके म्हणणार नाही. तेव्हा पॉपॉ हा सीताफळाचा माहेरकडचा भाऊबंद म्हणावा लागेल.

नावावरून एक घोटाळा होतो, तोही येथेच दूर करू. इंग्रजी बोलणाऱ्या काही देशांत पपईलाच पॉपॉ म्हणतात. आपण बोलतो आहोत त्या झाडाचा पपईशी काही संबंध नाही.

मोठ्यांच्या सावलीतले धाकटे झाड

अमेरिकेच्या पूर्व भागात पानझडीची मोठी अरण्ये आहेत. ओक, मॅपल, बीच, सिकॅमोर असे उंच वृक्ष तेथे वर छत धरून असतात. त्या छताखाली दुसरा मजला असतो लहान झाडांचा. पॉपॉ हा या दुसऱ्या मजल्याचा रहिवासी. त्याची उंची साधारण १५ ते ३० फूट भरते. उत्तरेस कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या दक्षिण टोकापासून ते दक्षिणेस फ्लॉरिडाच्या उत्तर भागापर्यंत आणि पश्चिमेस नेब्रास्का-कॅन्ससच्या पूर्व भागापर्यंत हे झाड रानात आपोआप उगवते.

त्याची आवडती जागा म्हणजे नदी-ओढ्याकाठची गाळाची जमीन. माती खोल हवी, काळी-कसदार हवी, ओल टिकवणारी हवी; पण पाण्याचा निचराही हवा. किंचित आम्ल माती त्याला मानवते. पुराने आणलेला गाळ आणि वरच्या वृक्षांचा पालापाचोळा यांवर ते पोसते. आपले सीताफळ मुरमावर आणि खडकाच्या कपारीत जगते. हा भाऊबंद मात्र खाऊन-पिऊन सुखी जमिनीतला आहे.

हिवाळ्यात पॉपॉची सगळी पाने गळतात. वसंतात, म्हणजे त्यांच्या एप्रिल-मे महिन्यांत, आधी फुले येतात आणि मग पालवी. पाने भली मोठी, फूटभर लांब, खाली झुकलेली. शरदात ती पिवळीजर्द होतात आणि रानाचा तो मजला उजळून निघतो.

रोपाचा स्वभाव मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. बी रुजून वर आलेले कोवळे रोप कडक ऊन सोसू शकत नाही. पहिले वर्ष-दोन वर्षे त्याला सावली लागतेच. पण झाड मोठे झाले की भरपूर फळासाठी त्याला ऊन हवे असते. दाट सावलीत झाड जगते, वाढते, पण फळ बेताचे येते. म्हणून रानात पॉपॉचे चांगले पीक दिसते ते ओढ्याच्या कडेला, वाटेच्या बाजूला किंवा एखादा जुना वृक्ष उन्मळून पडल्याने आभाळ मोकळे झाले असेल तेथे. लहानपणी सावली आणि तरुणपणी ऊन, अशी या झाडाची मागणी आहे.

दाट बेट, पण वांझ

पॉपॉच्या मुळांना फुटवे येतात. एका झाडापासून जमिनीखालून मुळे पसरतात आणि त्यांतून जागोजाग नवी खोडे वर येतात. काही वर्षांत त्याचे बेट तयार होते. पाहणाऱ्याला वाटते, केवढी झाडे आहेत ही! प्रत्यक्षात ते सगळे एकच झाड असते. एकाच रक्ताचे, एकाच बीजाचे.

आणि इथेच गोम आहे. पॉपॉच्या फुलाला बहुधा स्वतःच्या झाडाचे पराग चालत नाहीत. वेगळ्या बीजाच्या झाडाचे पराग मिळाले तरच फळ धरते. सगळे बेट एकाच मुळाचे असले, तर शेजारच्या खोडाचे पराग हेही घरचेच. म्हणून शेकडो फुलांनी लगडलेले बेट फळाविना राहते. काही रानांत मोजणी झाली तेव्हा शंभर फुलांमागे एक फळसुद्धा भरलेले दिसले नाही.

दुसरी अडचण कीटकांची. पॉपॉचे फूल तपकिरी-तांबडे, सुकलेल्या रक्ताच्या रंगाचे असते. त्याला किंचित कुजका वास येतो. मधमाश्या त्याच्याकडे फारशा फिरकत नाहीत. माश्या आणि लहान भुंगेरे हेच त्याचे मध्यस्थ, आणि त्यांच्या येण्याचा भरवसा नाही. शिवाय फूल आधी मादी अवस्थेत असते आणि पराग नंतर सुटतात, त्यामुळे एकाच फुलात आपोआप फलन होत नाही. तेथील काही बागाईतदार फुलोऱ्याच्या दिवसांत माश्या याव्यात म्हणून झाडाजवळ मांसाचे तुकडे टांगतात. काही जण मऊ कुंचल्याने एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावतात. कुंचल्याचा उपाय हमखास आणि स्वच्छ.

सीताफळ लावणाऱ्यांना यातले अर्धे दुखणे ओळखीचे वाटेल. आपल्या सीताफळालाही फूल आधी मादी आणि मग नर होते. त्यालाही बारीक भुंगेऱ्यांची गरज असते आणि फुले पुष्कळ येऊनही फळधारणा कमी होते.

फळ कसे असते?

सीताफळाच्या फुलात मधोमध अनेक बीजकोश असतात. ते सगळे एकमेकांना चिकटून एक फळ बनते. त्याचा प्रत्येक डोळा म्हणजे एकेक बीजकोश. पॉपॉच्या फुलात बीजकोश थोडे असतात आणि ते सुटे राहून प्रत्येकाचे वेगळे फळ होते. म्हणून एकाच फुलातून फळांचा घोस लोंबतो, जणू आखूड केळ्यांची फणी.

फळ तीन ते सहा इंच लांब, साल गुळगुळीत आणि पातळ, रंग हिरवट-पिवळा. पिकल्यावर सालीवर काळे डाग पडतात. आत पिवळा, मऊ, साईसारखा गर आणि दोन रांगांत पावट्याच्या मोठ्या दाण्यासारख्या तपकिरी बिया. चव केळे आणि आंबा एकत्र कालवल्यासारखी लागते. मोठे फळ अर्धा किलोपर्यंत भरते. अमेरिकेत मूळच्या असलेल्या खाद्य फळांत हे सर्वांत मोठे गणले जाते.

तेथील मूळ रहिवासी हे फळ पूर्वीपासून खात आले. शॉनी नावाच्या जमातीत तर वर्षातला एक महिना पॉपॉच्या नावाने ओळखला जाई. सालीच्या आतल्या वाखाचे दोर आणि मासे धरण्याची जाळी वळत असत, आपल्याकडे अंबाडीच्या वाखाचे दोर वळतात तसेच. १८०६ साली लुईस आणि क्लार्क यांची प्रसिद्ध शोधमोहीम मिसूरी नदीने परतत होती. सप्टेंबरात त्यांच्याजवळची शिधासामग्री संपत आली, तेव्हा त्या तुकडीने काठावरच्या पॉपॉवर दिवस काढले. पुढे १९३०च्या मंदीच्या काळात खेड्यांतील लोकांनी त्याला गरिबांचे केळे म्हटले. रानातले फळ अडचणीला कसे धावून येते, हे दुष्काळ पाहिलेल्या आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

पानाला तोंड कोण लावते?

आपल्या बोडक्या डोंगरांवर सगळे काही शेळ्यांनी ओरबाडले तरी सीताफळ का टिकते? कारण शेळी त्याच्या पानाला सहसा तोंड लावत नाही. पॉपॉचेही तसेच आहे. या कुळाच्या पानांत, सालीत आणि बियांत कडू, कीटकनाशक द्रव्ये असतात. अमेरिकेच्या अरण्यांत हरणे वाढली आणि ती ओक-मॅपलची कोवळी रोपे खाऊन टाकू लागली. पॉपॉ मात्र त्यांनी सोडून दिला. त्यामुळे काही रानांत पॉपॉची बेटे उलट पसरत चालली आहेत.

परंतु एक फुलपाखरू असे आहे की ज्याच्या अळ्या पॉपॉच्या आणि त्याच्या सख्ख्या भावंडांच्याच पानांवर जगतात, दुसरे काही खात नाहीत. पांढऱ्यावर काळे पट्टे आणि मागे लांब शेपट्या असे त्याचे रूप आहे. पानातले कडू द्रव्य अळीच्या अंगात साठते आणि पक्षी तिला टाळतात. पॉपॉचे रान तुटले की ते फुलपाखरूही तेथून जाते. आपल्याकडेही काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेले एक चपळ फुलपाखरू सीताफळाच्या आणि हिरव्या अशोकाच्या पानांवर अंडी घालते. पुढच्या खेपेस बांधावर दिसले तर पाहून ठेवा. एखाद-दुसऱ्या अळीने झाडाचे काही बिघडत नाही.

फळे मात्र सगळ्यांनाच प्रिय. रॅकून, ऑपॉसम, कोल्हे, खारी पिकली फळे खातात आणि बिया दूरवर टाकतात. आपल्या रानात सीताफळाच्या बिया अशाच पाखरांनी आणि जनावरांनी पसरवल्या.

पन्नास डॉलरचे बक्षीस आणि पुढचा विसर

आता मुख्य हकीकत.

१९१६ साली अमेरिकेतील एका आनुवंशशास्त्र संस्थेने, अमेरिकन जेनेटिक असोसिएशनने, एक स्पर्धा जाहीर केली. पॉपॉचे सर्वांत मोठे झाड ज्याला ठाऊक असेल त्याला पन्नास डॉलर आणि सर्वांत उत्तम फळाच्या झाडाला पन्नास डॉलर. त्यामागचा विचार साधा होता. रानात लाखो झाडे आहेत, प्रत्येक झाड बियांपासून आल्यामुळे चवीला आणि आकाराला वेगळे आहे. त्यांतले उत्तम झाड कोठे आहे, हे शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत बसून कळणार नाही. ते त्या रानाशेजारी राहणाऱ्या माणसालाच ठाऊक असते.

लोकांनी ठिकठिकाणांहून फळे पाठवली. उत्तम फळाचे बक्षीस मिळाले ओहायो राज्याच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्या केटर नावाच्या एका बाईंना. त्यांच्या झाडाचा वाण पुढे केटर याच नावाने ओळखला गेला. देशोदेशींची पिके आणि फळे अमेरिकेत नेणारे वनस्पतिसंशोधक डेव्हिड फेअरचाइल्ड यांनी केटरच्या बियांपासून आपल्या अंगणात झाड वाढवले. काही हौशी जाणकारांनी जागोजागचे उत्तम वाण जमवून बागा केल्या.

मग काय झाले? पॉपॉचे फळ फार मऊ. पिकल्यावर घरात दोन-तीन दिवस टिकते, थंड पेटीत ठेवले तर सुमारे तीन आठवडे. दूरच्या बाजारी पाठवायला ते गैरसोयीचे. सफरचंद, संत्रे आणि परदेशातून येणारे केळे यांनी बाजार व्यापला. बागा जमवणारे वृद्ध झाले, वारले. त्यांच्यामागे बागांत गवत माजले, झाडांवरच्या पाट्या गळून पडल्या आणि कोणते झाड कोणत्या वाणाचे, हे सांगणारे कोणी उरले नाही. कितीतरी नावाजलेले वाण असे नाहीसे झाले.

१९७०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात शिकणाऱ्या नील पीटरसन या विद्यार्थ्याने रानातला एक पॉपॉ चाखला आणि त्याला प्रश्न पडला : रानातले फळ इतके चांगले, तर याची निगुतीने निवड केली तर काय होईल? पुढे त्यांनी जुनी मासिके आणि कागदपत्रे धुंडाळून त्या विसरलेल्या बागा कोठे होत्या हे शोधले. व्हर्जिनियातील ब्लँडी या प्रयोगक्षेत्रावर आणि इतर काही ठिकाणी जुन्या संग्रहातली झाडे अजून उभी होती. त्यांच्या बिया आणून त्यांनी मेरीलँड विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांवर सुमारे दीड हजार रोपे वाढवली. वर्षानुवर्षे प्रत्येक झाडाचे फळ चाखायचे, वजन करायचे, बिया किती आणि गर किती ते लिहून ठेवायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यातून निवडून त्यांनी मोजकेच वाण लोकांना दिले आणि त्यांना अमेरिकेतील नद्यांची नावे ठेवली : शेनँडोआ, सस्क्वेहाना, पोटोमॅक, अलेगेनी, वॉबॅश आणि आणखी काही. ज्या नदीकाठच्या रानाने फळ दिले, त्या नद्यांचे ऋण असे फेडले.

१९९० सालापासून केंटकी राज्य विद्यापीठात पॉपॉवर नियमित संशोधन चालू आहे. १९९४ पासून या झाडाच्या बीजसंपत्तीचा राष्ट्रीय संग्रहही तेथेच आहे. त्या विद्यापीठाने ॲटवूड, बेन्सन आणि चॅपेल हे आपले वाण दिले. ओहायोत १९९९ साली पॉपॉचा उत्सव सुरू झाला आणि २००९ साली ते त्या राज्याचे देशी फळ म्हणून जाहीर झाले.

म्हणजे रानातले उत्तम झाड आधी शेजाऱ्यांनी ओळखले. बक्षिसामुळे ते नावारूपाला आले. नोंद आणि कलम यांची परंपरा तुटली तेव्हा ते हरवले. आणि जुने कागद व चार झाडे शिल्लक होती म्हणून ते पुन्हा सापडले. सगळीच झाडे तोडली गेली असती, तर पीटरसन काय शोधणार होते?

पॉपॉ आपल्याकडे लावावा का?

महाराष्ट्राच्या पठारावर आणि कोकणात याचे उत्तर 'नाही' असे आहे. पॉपॉला हिवाळ्यात विश्रांतीसाठी सुमारे ४०० तासांची चांगली थंडी लागते. ती मिळाली नाही तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत. आपला उन्हाळा, कोरडे वारे आणि हलकी जमीन यांपैकी काहीच त्याला मानवणारे नाही. कोणी 'अमेरिकन सीताफळ' अशा नावाने पॉपॉची रोपे भारी किमतीला विकू लागला, तर पैसे घालवू नका. रोपवाटिका शासनमान्य आहे का ते पाहा, पावती घ्या आणि आधी आपल्या कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आपल्या डोंगरात काय करावे?

बालाघाटच्या रांगा, दौलताबादचा परिसर, सासवडकडचे डोंगर ही सीताफळाची नामांकित ठिकाणे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्र आहे. बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथे एका शेतकऱ्याने निवड करून तयार केलेला एनएमके-१ गोल्डन हा वाण आज दूरवर लावला जातो. शास्त्र आणि शेतकऱ्याची नजर एकत्र आली की काय होते, याचे हे घरचे उदाहरण.

विस्ताराच्या कामात गावोगाव फिरताना एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते : "साहेब, त्या ओहोळाच्या वरच्या अंगाला एक झाड आहे, त्याचे फळ लई गोड." प्रत्येक गावात असे एखादे झाड असते. ते ठाऊक असते गुराख्याला, सीताफळे गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या आजीला आणि शाळेतल्या पोरांना. कागदावर त्याची नोंद कोठेच नसते. जळणासाठी ते तुटले, रस्त्यात गेले किंवा सपाटीकरणात जेसीबीखाली गेले, तर तो वाण संपला. त्याची बी लावली तरी तेच फळ येईल अशी खात्री नाही, कारण बियांपासूनचे झाड बदलते. तंतोतंत तोच वाण हवा असेल तर कलमच करावे लागते.

म्हणून या हंगामात पुढील कामे करावीत.

१. गावातल्या माहीतगार माणसांना, विशेषतः बायांना विचारून उत्तम सीताफळाची दोन-चार झाडे निश्चित करावीत. गोडी, गराचे प्रमाण, बियांची संख्या, डोळ्यांचा आकार आणि फळ किती दिवस टिकते, हे पाहावे.

२. झाडाला रंगाची खूण करावी. जागा, मालकाचे नाव आणि फळाचे वजन वहीत लिहावे. एकाच वर्षावर विसंबू नये, निदान तीन हंगाम पाहावे. पाऊसमानाप्रमाणे फळ बदलते.

३. झाड गायरानात किंवा वनात असेल तर ग्रामपंचायतीला अथवा वनरक्षकाला दाखवून ठेवावे, म्हणजे ते नकळत तुटणार नाही.

४. माघ-फाल्गुनात, नवी पालवी फुटण्याआधी, जाणकाराकडून त्याच्या काड्या घेऊन गावठी सीताफळाच्या रोपांवर कलमे करावीत. दोन-तीन वेगवेगळ्या घरांच्या बांधावर ती लावावीत. एक गेले तर दुसरे राहील.

५. वाण खरोखर सरस दिसला तर कृषी विद्यापीठाला किंवा संशोधन केंद्राला कळवावे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्यालाही आपल्या वाणाची नोंद आपल्या नावावर करता येते.

६. फुले भरपूर येऊन फळ धरत नसेल तर थोड्या झाडांवर हाताने परागीकरण करून पाहावे. पराग सुटलेल्या फुलांतले पराग सकाळच्या गारव्यात बशीत झटकून घ्यावेत आणि मऊ कुंचल्याने नुकत्याच उमलू लागलेल्या, पाकळ्या किंचित विलग झालेल्या फुलांच्या आत लावावेत. हे काम घरातली मुले आनंदाने करतात. चार फांद्यांना खुणेचा दोरा बांधून फरक पाहावा, मग पुढचे ठरवावे.

घरातील बायाबापड्यांसाठी एक इशारा

सीताफळाच्या बिया वाटून उवांसाठी डोक्याला लावण्याची चाल अजून काही घरांत आहे. या पुडीचा कण डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि बुबुळाला इजा होते. अशा रोग्यांवर उपचार करावे लागल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. मुलांच्या डोक्याला हे मुळीच लावू नये. चुकून डोळ्यात गेलेच तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुऊन ताबडतोब दवाखान्यात जावे. बी चावून खाऊ नये, मुलांना चावू देऊ नये. पॉपॉच्या बाबतीतही तेथील जाणकार हेच सांगतात : गर खावा, साल आणि बी टाकून द्यावे. काहींना तर नुसत्या गरानेही मळमळ होते, म्हणून प्रथम थोडाच खावा.

शेवटी

केटरबाईंच्या झाडाला नाव मिळाले, कारण कोणीतरी विचारले आणि त्यांनी आपल्या झाडाची फळे पाठवली. आपल्या डोंगरातल्या त्या गोड झाडाविषयी अजून कोणी विचारले नसेल, तर आपणच विचारावे. येत्या अढीतले सर्वांत चांगले फळ खाल्ल्यावर, ते कोणत्या झाडाचे होते एवढे घरात विचारा. सांगणारी आजी असेल तर तिला सोबत घेऊन ते झाड पाहून या आणि जाताना रंगाचा डबा बरोबर न्या. दिवाळीनंतर पाने झडली की झाडे ओळखू येत नाहीत. म्हणून फळ हातात आहे तोवरच हे काम उरकावे.